होडीवाल्याचा कोट

यंदा तलावाचं पाणी लवकर हटलं. पाऊस नावापुरता झाला, शहराने नळाने पाणी ओढायचं काही थांबवलं नाही, आणि थंडी पडायच्या आतच काठापासून मधल्या पाण्यापर्यंत नुसता चिखल उघडा पडला. एरवी जिथे होडी अलगद सरकायची तिथे ती आता ढकलावी लागत होती. ढकलायला घरात धडधाकट माणूस एकच होतं, ते म्हणजे सून.

तलाव शहराच्या पिण्याच्या पाण्याचा. भोवती तारेचं कुंपण, कुंपणाला एकच फाटक, फाटकावर पाटी: आत येण्यास सक्त मनाई. पाटी वाचून कोणी परत फिरतं असं नाही, पण फाटकाला कुलूपही होतं. थंडीत मात्र ठरलेल्या सकाळी ते कुलूप निघायचं. गाइडबाई शहरातून पाखरं बघणाऱ्यांची छोटी टोळी घेऊन यायच्या, आणि होडीवाला त्यांना पाणकणसांच्या उंच गवतातून कापून काढलेल्या वाटेने मधल्या पाण्याजवळ न्यायचा. तिथे क्रौंच उतरायचे. उंच, राखी, लांब मानेचे आणि जात्याच संशयी. नियम एकच होता. थवा उडाला की सहल संपली. होडी फिरवायची आणि मुकाट परत यायचं, मग माणूस कितीही लांबून आलेला असो.

होडीवाला म्हणजे सुनेचा सासरा. फाटकाशेजारच्या दोन खोल्या त्याला होडीमुळे मिळालेल्या. होडी गेली की खोल्या गेल्या, एवढं साधं ते गणित होतं. आणि पावसाळा संपता संपता ओली होडी उलटी करताना म्हाताऱ्याचा खांदा निसटला. डॉक्टरने तो जागेवर बसवला आणि बजावलं, बांबू रेटणं आता विसरा. मुलगा लांब पल्ल्याच्या ट्रकवर. तो घरी यायचा, दिवसभर झोपायचा, पोटभर जेवायचा आणि परत जायचा. मग बांबू सुनेच्या हातात आला. तिला कोणी विचारलं नाही, आणि तिनेही विचारायची वाट पाहिली नाही.

पहिल्या सकाळी ती स्वतःच्या कपड्यांत, निळी शाल गुंडाळून गेली. पाणकणसांच्या बाहेर होडीचं टोक निघालं मात्र, सगळा थवा उडाला. होडीतली माणसं दुर्बिणी गळ्यात लटकवून आली तशी परत गेली. एका बाईंनी जाता जाता विचारलं, "नेहमीचे काका कुठे आहेत हो?"

म्हातारा काठावर दगडावर बसून सगळं बघत होता. ती होडी बांधून वर आली तेव्हा त्याने अंगातला कोट काढून तिच्या पुढ्यात टाकला.

"हा घाल. माझ्यासारखी वाकून उभी राहा. आणि मधूनमधून खोक."

"खोकू?"

"मी काय हौसेने खोकतो का? पण पाखरांना सवय आहे त्याची."

कोट म्हाताऱ्याच्या लग्नाआधीचा. मूळचा रंग कोणता, यावर घरात एकमत नव्हतं. चिखल, धूर, होडीला चोपडायचं तेल आणि माणसाचा घाम मिळून जो काही रंग होतो, तो त्याचा रंग. घातला की त्याचं ओझं पाण्याने भरलेल्या बादलीएवढं वाटायचं. वास असा की सुनेला पहिल्या दिवशी मळमळलं. पण पुढच्या सहलीला ती तो कोट घालून, तोंडावर मफलर ओढून, पाठीला पोक काढून गेली. पाणकणसांच्या बाहेर आल्यावर खोकली. दोनचार माना वर झाल्या, तिच्याकडे बघितलं, आणि परत खाली गेल्या.

ती जवळजवळ धावतच वर आली. "बाबा, एकसुद्धा उडालं नाही!"

म्हाताऱ्याने तोंड फिरवलं. "मी इथून खोकत होतो. माझा आवाज ओळखतात ती. कोटाचं काय, कोट काय कोणीही घालेल."

सासूबाई आतून म्हणाल्या, "सुंभ जळला तरी पीळ जात नाही." पण त्या हळू म्हणाल्या.

तेव्हापासून हेच चाललं होतं. सहलीच्या सकाळी सून म्हातारा व्हायची, आणि बाकीचे दिवस बैल. पाणी रोज थोडं मागे सरकायचं, म्हणून वाट रोज थोडी पुढे कापावी लागायची. मांडीभर चिखलात उतरून विळ्याने पाणकणसं मुळाशी कापायची, मोळ्या ओढून बाजूला टाकायच्या, मग चिखल फावड्याने उपसून होडीपुरती चर धरायची. दुसऱ्या दिवशी ती अर्धी परत बुजलेली. टाचांना भेगा पडल्या होत्या आणि त्यांत चिखल जाऊन बसायचा. संध्याकाळी ती कढत पाण्यात पाय सोडून बसली की उठावंसंच वाटायचं नाही. म्हातारा काठावरून सांगायचा, "डावीकडे घे. तिथे खडक आहे." खडक असायचाच, आणि तिला त्याचा राग यायचा.

होडीत बसणाऱ्यांना ती बाई आहे हे कळायचं नाही. "काका, जरा अजून पुढे घ्या ना," असं कोणीतरी कुजबुजायचं. ती उत्तर द्यायची नाही, आवाजाने सोंग फुटलं असतं. मग दुसरं कोणी म्हणायचं, "काकांना ऐकू येत नाही वाटतं." एकदा एका तरुण माणसाने उतरताना तिच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "या वयात कमाल आहे हं तुमची!" गाइडबाई हसू दाबायला पाणकणसांत काहीतरी शोधू लागल्या. गाइडबाईंना अर्थात सगळं ठाऊक होतं. वर्षानुवर्षं कुजबुजून त्यांचा स्वतःचा आवाज कायमचा बसला होता, त्यामुळे दुसऱ्याच्या गप्प राहण्याबद्दल त्यांची काही तक्रार नव्हती.

मग एका दुपारी गाइडबाई एकट्याच आल्या. चहाचा कप हातात तसाच धरून म्हणाल्या, "साहेब येताहेत. पाणीखात्याचे मोठे साहेब. परवा सकाळी स्वतः होडीत बसणार आहेत."

"कशाला?" म्हाताऱ्याने विचारलं.

"पाणी कमी, पाखरं एका जागी गोळा झालेली. होडीने त्यांना त्रास होतो असं कोणीतरी त्यांच्या कानात घातलंय. होडी बंद करायची आणि काठावर लोखंडी मचाण उभं करायचं, असं चाललंय. मचाणावर ठेवायची माणसं ठेकेदाराची."

"आणि आम्ही?"

गाइडबाईंनी चहा प्यायला. "पाखरं बसून राहिली तर साहेब काही बोलू शकणार नाहीत. तेवढं बघा. आणि हे सोंग पुरे झालं. सून होडी चालवते हे त्यांना सरळ सांगून टाकू. लपवण्यासारखं काय आहे त्यात?"

म्हाताऱ्याने मान तलावाकडे वळवली. सून त्याच्याकडे बघत राहिली. आपण होडी चालवतो हे कोणीतरी चारचौघांत म्हणणार आहे, याचाच तिला इतका आनंद झाला की मचाणाची भीती थोडा वेळ मागे पडली.

सासूबाईंचं आणि सुनेचं भांडण नव्हतं. भांडायलासुद्धा थोडं बोलावं लागतं. सून आली तेव्हापासून दोघी एकमेकींना लागेल तेवढंच बोलायच्या: मीठ संपलंय, दार लावून घे, दूध उतू जाईल. पण गाइडबाई गेल्यावर सासूबाई बराच वेळ सुनेच्या टाचांकडे बघत राहिल्या, आणि मग त्यांनी कोपऱ्यातली तेलाची वाटी पायानेच तिच्याकडे सरकवली.

साहेब येणार त्याच्या आदल्या दिवशी सून सकाळपासून चर उपसत होती. म्हातारा काठावर. घरी सासूबाई एकट्या होत्या, आणि खुंटीवर कोट होता.

उन्हं कलल्यावर दोघं वर आली, तर कुंपणाच्या तारेवर काहीतरी पांढुरकं लटकत होतं. सुनेला आधी वाटलं, चादर असेल. जवळ गेल्यावर तिला बाह्या दिसल्या.

सासूबाई दारातच उभ्या होत्या. हात कोपरापर्यंत लाल झालेले, केस कपाळाला चिकटलेले, आणि चेहऱ्यावर असं हसू की सुनेने ते लग्नाच्या दिवशीही पाहिलं नव्हतं. "सोड्यात उकळला. तीनदा पाणी बदललं, तरी काळंच निघत होतं. मग नीळ घातली. खिसा फाटला होता तो शिवला, बटणं लावली. म्हटलं, उद्या साहेबासमोर उभी राहणार, सगळ्यांदेखत. लोकांनी म्हणायला नको, बघा, सुनेला कसल्या लक्तरात ठेवलंय."

सुनेने कोटाला हात लावला. कापड मऊ झालं होतं, साबणाचा वास येत होता. इतक्या दिवसांत या बाईने तिच्यासाठी केलेलं हे पहिलं काम, आणि ते नेमकं हे.

"छान झालाय, आई," ती म्हणाली.

म्हाताऱ्याने मात्र बाही हातात घेऊन उलटीसुलटी केली. "तो रंग," तो म्हणाला. "अगं, तो रंगच तर..."

"काय झालं?" सासूबाईंचं हसू हळूहळू उतरलं. "काय झालं? बोला ना कोणीतरी!"

सून चिखलाची बादली आणायला वळली तेव्हा त्यांना आपोआप कळलं. कितीदा कोट, पाखरं, कोट, पाखरं हे शब्द त्यांच्या कानावरून गेले असतील. पण त्या कधी होडीत बसल्या नव्हत्या. त्यांना कोणी कधी बसवलंच नव्हतं. त्यांच्यासाठी तो फक्त धुवायचा राहिलेला कपडा होता.

"मी मेलीने चांगलं करायला जावं आणि त्याचं असं व्हावं," एवढं म्हणून त्या आत गेल्या आणि भिंतीकडे तोंड करून बसल्या.

अंधार पडेपर्यंत सून आणि म्हातारा कोटाला मळवत होते. चिखल फासला, पण वाळला की त्याचे पोपडे पडत आणि खालून पांढरं डोकावे. चहाचं पाणी ओतलं, चुलीची राख चोळली. झाला तो पट्ट्यापट्ट्यांचा. शेवटी म्हातारा म्हणाला, "राहू दे. नाही होत ते एका दिवसात. माझं सगळं आयुष्य गेलंय त्याला तसा करायला."

सून राखेचे हात तसेच घेऊन बसून राहिली. ती इतकी थकली होती की रडायचाही कंटाळा आला होता.

सकाळी साहेब वेळेवर आले. साधा माणूस होता, नवेकोरे बूट घालून आलेला आणि चिखल बघून ओशाळलेला. तारेवरचा पट्ट्यापट्ट्यांचा कोट बघून गाइडबाईंनी हलकेच मान हलवली. नाही.

तेव्हा म्हातारा पुढे झाला. त्याने स्वच्छ शर्ट घातला होता, दाढी केली होती. "कोटाची काही गरज नाही," तो म्हणाला. "मी पुढच्या टोकाला उभा राहतो. पाखरं मला ओळखतात. मी खोकलो की बसून राहतात ती."

सुनेने गाइडबाईंकडे बघितलं, गाइडबाईंनी तिच्याकडे. उभा जन्म त्या पाण्यावर काढलेल्या माणसाला नाही कोण म्हणणार? साहेब चढले, गाइडबाई चढल्या, म्हातारा टोकाला उभा राहिला. सुनेने निळी शाल घट्ट गुंडाळली आणि बांबू रोवला.

चर रात्रीत परत अर्धी बुजली होती. चरीच्या मध्यावर होडीचा तळ रुतला. सून उतरली, मांडीपर्यंत चिखलात गेली आणि होडीच्या मागल्या कडेला खांदा लावला. होडी इंच इंच सरकत होती. चिखलाचा शिंतोडा साहेबांच्या बाहीवर उडाला.

"या कोण?" साहेबांनी हळू विचारलं.

"सून माझी," म्हातारा पुढे बघत म्हणाला. "मदतीला येते."

मदतीला. सुनेने ऐकलं आणि आणखी जोराने खांदा लावला, कारण त्या वेळी दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. होडी मोकळी झाली. ती चिखलासकट आत चढली आणि तिने बांबू हातात घेतला.

पाणकणसं संपली. समोर मधलं पाणी, त्यावर विरळ धुकं, आणि क्रौंच. साहेबांनी श्वास आत ओढलेला तिला ऐकू आला. काही पाखरं एका पायावर झोपलेली, काही उथळ पाण्यात चोच घालून हिंडणारी. एक मान वर झाली. मग दुसरी.

म्हातारा खोकला. त्याचा नेहमीचा, घोगरा, दोन टप्प्यांचा खोकला.

सगळ्या माना वर झाल्या. म्हाताऱ्याने आणखी एकदा खोकून बघितलं, आणि या खेपेला त्या आवाजात विनवणी होती. सुनेला ते ऐकवेना. टोकाचं पाखरू कर्कश ओरडलं, पाण्यावर दोन पावलं धावलं, आणि मोठं जाजम झटकावं तसा आवाज होऊन सगळा थवा वर गेला. डोक्यावरून एक फेरी झाली आणि तो पलीकडच्या टेकडीआड उतरला. रिकाम्या पाण्यावर पिसं तरंगत राहिली.

गाइडबाईंनी दुर्बिणीवर झाकण बसवलं. सुनेने न सांगता होडी वळवली. म्हातारा मात्र तसाच उभा होता, त्या पाण्याकडे बघत. त्याच्या दुखऱ्या खांद्याखालचा हात लोंबत होता. परतीच्या वाटेवर होडी परत रुतली, तेव्हा साहेब नवे बूट घालूनच चिखलात उतरले आणि ढकलू लागले. त्यामुळे तर सगळ्यांना जास्तच मेल्यासारखं झालं.

काठावर आल्यावर साहेब रुमालाने हात पुसत राहिले. कठोर बोलायची त्यांना सवय नसावी. "नियम तुमचाच आहे," ते म्हणाले. "थवा उडाला की संपलं. मी डोळ्यांनी पाहिलं. आता मी तरी काय लिहू, सांगा."

सून खाली बघत होती. सासूबाई दाराआड होत्या, त्यांच्या बांगड्यांचा आवाज येत होता.

"साहेब," म्हातारा म्हणाला. "एक चूक झाली सांगण्यात."

"कसली?"

"मदतीला येते म्हणालो ना मी. तसं नाही. पावसाळ्यापासून होडी हीच चालवते. एकटी. वाट हीच कापते. ती असते तेव्हा एक पाखरू उडत नाही, बाईंना विचारा. आज मी टोकाला उभा राहिलो म्हणून उडाली." तो थांबला. "मला वाटायचं, पाखरं मला ओळखतात. नाही ओळखत. अंगात कोट होता, तोवर ओळखत होती."

सुनेला वाटलं, त्याने हे बोलायला नको होतं, होडी गेली असती तरी चाललं असतं. मग तिला वाटलं, नाही, हे त्याने बोलायलाच हवं होतं. दोन्ही एकदम वाटलं आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. चिखलाच्या हातांनी तिला ते पुसताही येईना.

"हे खरं आहे?" साहेबांनी गाइडबाईंना विचारलं.

"खरं आहे," गाइडबाई त्यांच्या फाटक्या आवाजात म्हणाल्या. "कोट काल धुतला गेला. तेवढंच झालं."

साहेब तारेवर वाळत घातलेल्या त्या पट्ट्यापट्ट्यांच्या कोटाकडे बघत राहिले. "थंडी संपायच्या आत मी परत येईन," शेवटी ते म्हणाले. "न कळवता. तोवर सहली बंद. त्या दिवशी या एकट्या मला नेतील. पाखरं बसलेली असली तर होडी यांच्या नावावर. नसली तर मचाण." आणि ते बूट काढून हातात घेऊन गाडीकडे गेले.

संध्याकाळी सून परत राख घेऊन कोटाशी बसली. म्हाताऱ्याने तो तिच्या हातातून काढून घेतला.

"पुरे. उद्यापासून तुझ्याच कपड्यांत जा. शाल, जी काय आहे ती. जा आणि बस."

"उडून जातील, बाबा."

"जाऊ देत. परत येतील. पाणी दुसरं आहे कुठे? तू पण परत जा. ती कंटाळतात का तू कंटाळतेस, बघू."

"आणि खोकू का?"

"तुला खोकला आहे का? मग कशाला खोकतेस?"

दाराशी सासूबाई हसल्या. कोट त्यांनी पुन्हा एकदा धुतला, घडी घातली, आणि थंडी वाढली तेव्हा म्हाताऱ्याच्या अंगावर घातला. "आता कसे साहेबासारखे दिसता," त्या म्हणाल्या. म्हाताऱ्याने तोंड वाकडं केलं, पण काढला नाही.

सून रोज सकाळी जायची. होडी रिकामी, माणसाचं ओझं नाही, तरी चिखल तोच आणि टाचाही त्याच. पाणकणसांच्या कडेला होडी लावून ती बसून राहायची. पहिल्यांदा थवा टेकडीआड गेला. मग नुसता पलीकडच्या काठाला. मग उडायचा, एक फेरी मारायचा आणि होता तिथेच उतरायचा. तिच्या हातापायांना मुंग्या यायच्या, नाकाचं टोक बधिर व्हायचं. कधी तिला वाटायचं, हे काय आपण पाखरांना मनवत बसलोय, घरातल्या माणसांना मनवता मनवता इतकी वर्षं गेली. पण दुसऱ्या दिवशी ती परत जायची. एकदा सासूबाईंना घेऊन गेली. त्यांनी पहिल्यांदाच ते मधलं पाणी पाहिलं. मग कुजबुजल्या, "यांच्यासाठी होय? अगोदर दाखवायचंत तरी."

साहेबांची गाडी अजून आलेली नव्हती. आज येईल, उद्या येईल, असं रोज चाललं होतं.

अशाच एका सकाळी होडी पाणकणसांच्या बाहेर निघाली. निळी शाल, ताठ पाठ. काठावर म्हातारा दगडावर बसला होता, अंगात पांढुरका कोट. मधल्या पाण्यातल्या एका क्रौंचाने मान वर केली. सुनेने बांबू होता तिथेच धरून ठेवला. पाखराने तिच्याकडे बघितलं, नीट बघितलं, आणि मान खाली घालून चरू लागलं. बाकीच्यांनी तेवढीही तसदी घेतली नाही.

काठावर म्हाताऱ्याच्या घशाशी खोकला आला. कोटाची बाही तोंडात धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत, त्याने तो दाबून ठेवला.